उन्हाळ्यातील छाटणी आणि जेडचे दोन प्रकार
जेड या जाड, रसाळ पानांच्या शोभेच्या झाडाची कडक छाटणी एप्रिलमध्येच उरकावी, असा सल्ला दिला गेला आहे; परभणीच्या उन्हात तो मला पटत नाही. दाट पानांच्या सावलीत वाढलेल्या आतल्या फांद्या छाटणीनंतर एकदम उघड्या पडतात आणि त्यांची पाने करपतात, हे मी गच्चीवरच्या कुंडीत पाहिले आहे. शिवाय, आपल्याकडच्या रोपवाटिकांत ‘जेड’ म्हणून मिळणारे, लालसर फांद्यांचे व बारीक गोल पानांचे झाड बहुधा पोर्तुलाकारिया आफ्रा या वेगळ्या जातीचे असते; खरे जेड ते नव्हे, खरे जेड म्हणजे क्रासुला ओवाटा, हा मुद्दा त्या सल्ल्यात राहूनच गेला. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची. पण पोर्तुलाकारिया ऊन बरेच सोसते, क्रासुलाची वाढ मात्र कडक उन्हाळ्यात मंदावते. म्हणून मी दोहोंची छाटणी पावसाने उघडीप दिल्यावर, ऑक्टोबरमध्ये करतो आणि कापलेल्या फांद्या आठवडाभर सावलीत सुकवूनच लावतो.