पाचोळ्याच्या दिवसांत आणि थंडीत कुठला गोल्फ बॉल वापरावा?

तिसरापट:
पुण्याहून न्यू जर्सीत आलोय. हँडिकॅप 19, म्हणजे मधल्या फळीचा खेळाडू; ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या काठीचा) स्विंग ताशी 88 मैलांच्या आसपास. टी-टाइम मिळतात ते सकाळी साडेसात-आठचे, मर्सर ओक्स नाहीतर नेशॅनिक व्हॅली या कोर्सवर. नोव्हेंबरात त्या वेळी तापमान 4-5 अंश सेल्सियस असतं. आत्तापर्यंत टायटलिस्टचा प्रो व्ही1 बॉल वापरत होतो. आता तो दगडासारखा लागतो, सात नंबरची आयर्न (लोखंडी डोक्याची काठी) चक्क एक क्लब कमी, म्हणजे आठ नंबरइतकीच, जाते आणि निम्मे बॉल पाचोळ्यात गडप होतात. प्रश्न असे:
थंडीसाठी सुपरसॉफ्टसारखा मऊ बॉल घेतला तर अंतर परत मिळेल का? रंगीत घ्यायचा तर कुठला? आणि खिशातल्या हँड वॉर्मरजवळ बॉल ठेवला तर चालतं का?

ड्रॉ_कमी_हुक_जास्त:
अंतराचं आधी बोलू, कारण तिथेच सगळ्यांचा गैरसमज होतो. तुमचं अंतर मुख्यतः हवेने खाल्लंय. 30 अंशांवरच्या हवेपेक्षा 5 अंशांवरची हवा साधारण 9 टक्के दाट असते. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे तिथली हवा मुळातच विरळ. दोन्ही धरले तर पुण्यातल्या उबदार सकाळपेक्षा जर्सीतली नोव्हेंबरची हवा 15 टक्क्यांच्या आसपास दाट भरते. दाट हवेत ड्रॅगही वाढतो आणि लिफ्टही, त्यामुळे जास्त फिरकीचा फटका वर चढतो आणि तिथेच मरतो. कुठलाही बॉल विकत घेऊन हे टळत नाही.

दुसरा चोर बॉलच्या आत आहे. कोअर पॉलीब्युटाडाइन रबराचा असतो. गार रबर दाबलं गेल्यावर पूर्वीइतक्या जोमाने उसळत नाही, म्हणून त्याच स्विंगला बॉलचा वेग कमी मिळतो. हवा आणि गार बॉल मिळून ड्रायव्हरला दर 10 अंश फॅरनहाइटमागे दीड-दोन यार्ड धरा. वरून दोन स्वेटरांनी अडलेला खांदा आणि ओल्या फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) न घरंगळणारा बॉल. 15-20 यार्ड सहज जातात.

आता मऊ बॉल. कॉम्प्रेशन म्हणजे बॉल किती दाबला जातो याचं मोजमाप. त्याचं सगळ्या कंपन्यांना बांधणारं एक प्रमाण नाही, पण ढोबळमानाने सुपरसॉफ्ट चाळिशीच्या आसपास, सरिक्सन सॉफ्ट फील साठीच्या, प्रो व्ही1 नव्वदीच्या जवळ. गारठ्यात हे सगळेच कडक होतात. चाळिशीचा बॉल साठीसारखा लागेल, म्हणजे हाताला बरा वाटेल, इतकंच. तो लांब जातो असं नाही. वेगवान स्विंगला तर कमी कॉम्प्रेशनचा बॉल उन्हाळ्यातही थोडा हळूच निघतो. तुमच्या 88 मैलांना फरक किरकोळ पडेल. हाताला झिणझिण्या येत असतील तर जरूर घ्या, अंतरासाठी घेऊ नका.

आयोनोमर:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण कव्हरचा मुद्दा राहिला आणि माझ्या मते कॉम्प्रेशनपेक्षा तोच महत्त्वाचा आहे. सुपरसॉफ्ट, सॉफ्ट फील, ट्रूफील यांना आयोनोमरचं (टणक प्लास्टिकचं) कव्हर असतं, प्रो व्ही1ला युरेथेनचं (जास्त पकड देणारं, महाग). क्लबफेस आणि बॉल यांच्यामध्ये ओलं गवत आलं की वेजची (जवळच्या उंच फटक्याच्या काठीची) फिरकी निम्म्यावर येऊ शकते, आणि अशा वेळी युरेथेन थोडीतरी पकड राखतं. गारठ्यात कडक झालेलं आयोनोमर पटरवर टक्कन वाजतं, ग्रीनजवळच्या छोट्या चिप फटक्याला निसटतं.

तरीही ऑक्टोबर-नोव्हेंबरात जर्सीची ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) पावसाने मऊ असतात, बॉल पडतो तिथे थांबतो. 19 हँडिकॅपला त्या दोन महिन्यांत युरेथेनचे जादा पैसे पानांखाली पुरण्यात अर्थ नाही. प्रो व्ही1चं डझन 55 डॉलरच्या घरात, सुपरसॉफ्ट त्याच्या निम्म्यात. शॉर्ट गेमवर जीव असेल तर मधला रस्ता आहे: टूर रिस्पॉन्स किंवा क्यू-स्टार टूर. दोन्ही युरेथेनचे, कॉम्प्रेशन सत्तरीच्या आसपास.

वापरलेले बॉल घेणार असाल तर चार किंवा पाच ‘ए’ (4A, 5A) दर्जाचे, म्हणजे जवळजवळ नव्यासारखे घ्या. ‘रिफर्बिश्ड’ लिहिलेले टाळा. ते जुना रंग काढून नव्याने रंगवलेले असतात, डिंपलवर रंगाचा जादा थर बसतो आणि उड्डाणाचा भरवसा राहत नाही.

पाचोळाशोधक:
रंगाचं गणित जमिनीवर काय पडलंय यावर. मेपल पिवळा-नारिंगी झाला की पिवळा आणि नारिंगी दोन्ही बॉल बाद. ओकचा तपकिरी पाचोळा असेल तर पिवळा छान उठून दिसतो. गोठलेलं दहिवर (फ्रॉस्ट) पडलेल्या सकाळी पांढरा दिसत नाही. सगळीकडे चालणारा एकच हवा असेल तर भडक गुलाबी. तो रंग झाडावरून गळत नाही. लाल लांबून आकर्षक, पण ढगाळ उजेडात आणि सावलीत काळपट होतो. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांनी तर तो घेऊच नये. मॅट फिनिशचा बॉल खरेदी करताना सुंदर दिसतो, पण त्यावर चिखलाचे डाग चिकटून बसतात.

कार्ट जाते त्या पाचोळ्यातून चालताना पाय घासत चला. शोधताना बॉल चुकून हलला तर दंड नाही, जागेवर परत ठेवायचा. सापडल्यावर मात्र शेजारचं पान उचलताना हलला तर एक फटका दंड. पानं लूज इम्पेडिमेंट, म्हणजे उचलायची मुभा असलेल्या सुट्या नैसर्गिक वस्तू, आहेत; बंकरमधलीसुद्धा 2019पासून उचलता येतात, पण बॉलला टेकलेलं पान सोडून दिलेलं शहाणपणाचं.

कलम_चार:
हँड वॉर्मरचं उत्तर: हात शेकायला चालतो, बॉल शेकायला नाही. गोल्फच्या नियम 4.2नुसार मुद्दाम तापवून गुणधर्म बदललेल्या बॉलने फटका मारला तर थेट अपात्रता, एक-दोन फटक्यांचा दंड नव्हे. म्हणून वॉर्मर एका खिशात, बॉल दुसऱ्या.

पण बॉल मुळात गार होऊ न देणं तुमच्या हातात आहे. बॅग रात्रभर डिकीत किंवा गॅरेजमध्ये ठेवू नका. रबरातून उष्णता फार सावकाश जाते. पूर्ण गारठलेला बॉल घरात आणल्यावर आतपर्यंत सामान्य व्हायला दोन तास धरा, म्हणून रात्रीच घरात आणा. निघताना हीटरवर ठेवून फक्त कव्हर गरम होतं, आतला कोअर गारच, शिवाय वरचा नियम आहेच.

मैदानावर बॉल अर्ध्या-पाऊण तासात बराचसा गार होतो. एकाच मॉडेलचे तीन बॉल ठेवा: एक खेळात, दोन जॅकेटच्या आतल्या खिशात. होल संपला की बदला. दोन होलच्या मध्ये बॉल बदलायला नियमांची आडकाठी नाही. होल चालू असताना मात्र उगाच बदलता येत नाही. एकच मॉडेल वापरायची सक्ती असलेला लोकल रूल (आयोजकांनी लावलेला जादा नियम) वरच्या दर्जाच्या स्पर्धांत असतो, तुमच्या शनिवारच्या चौकडीत नाही.

आणखी एक. कर्मचाऱ्यांनी उचलण्यासाठी रचलेले पानांचे ढीग ग्राउंड अंडर रिपेअर (दुरुस्तीखालची जागा) धरले जातात, तिथून मोफत सुटका. विखुरलेल्या पाचोळ्यात हरवलेला बॉल मात्र हरवलेलाच, शोधायची तीन मिनिटं संपली की जिथून मारला तिथे मागे जा. कमिटीने पानांचा लोकल रूल लावला असेल तर, आणि बॉल तिथेच आहे हे जवळजवळ नक्की असेल तर, सूट मिळते. स्टार्टरला (पहिल्या टीवर गट सोडणाऱ्याला) विचारून घ्या. विंटर रूल्स, म्हणजे प्रिफर्ड लाइज, चालू आहेत का तेही विचारा. असतील तर फेअरवेवर बॉल उचलून पुसता येतो. नसतील तर चिखल तसाच ठेवून मारावं लागतं, आणि चिखल उजवीकडे असेल तर बॉल बहुधा डावीकडे वळतो.

तिसरापट:
धन्यवाद मंडळी. गुलाबी सॉफ्ट फील मागवतो. एक शंका उरली: डिसेंबरात ग्रीन गोठलेली असली तर काय? परवा वेजने मारलेला बॉल ग्रीनवर पडून पलीकडे उडाला.

फाइफकर:
इकडे स्कॉटलंडात हिवाळाभर हाच खेळ. गोठलेल्या ग्रीनवर कुठलंच कव्हर बॉल थांबवत नाही, कारण बॉल रुतायला माती दबायला हवी ना! तिथे बॉल निवडू नका, फटका निवडा. ग्रीनच्या 10-15 यार्ड अलीकडे टप्पा द्या, वेजऐवजी आठ किंवा नऊ नंबरने खुटकन मारा आणि घरंगळू द्या. समोर बंकर असेल तर ग्रीनच्या कडेला निशाणा धरा. युरेथेनचे पैसे तिथे अगदीच वाया.

ऊन आल्यावर वरची बोटभर माती सुटते, खालची गोठलेलीच. तेव्हा पहिला टप्पा थोडा धरतो, दुसरा सुसाट जातो. त्या वेळी एक क्लब कमी घ्या, बाकी थंडीत एक क्लब जास्त घेत असलात तरी.

दहिवर आणि बर्फ यांत नियमांना फरक आहे: गोठलेलं दहिवर लूज इम्पेडिमेंट नाही, पटच्या रेषेवरून पुसता येत नाही. बर्फाला मात्र लूज इम्पेडिमेंट किंवा टेम्पररी वॉटर (तात्पुरतं साचलेलं पाणी), हवं ते समजा. आणि फ्रॉस्ट डिले लागला, म्हणजे दहिवर वितळेपर्यंत खेळ थांबवला, तर कुरकुर करू नका. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात, दुपारी तिथे काळपट पावलं उमटतात. सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवरही हिवाळ्यात फेअरवेवरून मॅट ठेवूनच मारावं लागतं. मॅटवरून आयर्न स्वच्छ लागते, त्यामुळे तिथे मोजलेलं अंतर ओल्या गवतावर खरं मानू नका.