तबकड्यांच्या पाकिटांवर दुकानांची नावे का असत?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत ग्रामोफोनच्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे) काही तबकड्या मिळाल्या. त्यांच्या तपकिरी कागदी पाकिटांवर दुकानांची नावे असून एका पाकिटावर त्याखाली ‘घड्याळे व सायकली’ असेही छापले आहे. त्या काळी तबकड्या नेमक्या कोठे विकत मिळत? शिवाय काही तबकड्यांत गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव का सांगते?

प्रतिसाद १ : आधी नावाचे सांगतो. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले, तेव्हा तबकड्या भारतात तयार होत नसत. मूळ मुद्रिका (जिच्यावरून तबकड्या छापत ती चकती) जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि छापलेल्या तबकड्या बोटीने परत येत. तेथील कारागिरांना आपली भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून कोणाची तबकडी कोणती हे ओळखता यावे यासाठी कलावंत शेवटी नाव उच्चारत, असे सांगितले जाते. गौहरजान यांचे इंग्रजीतील ‘माय नेम इज गौहरजान’ आजही स्पष्ट ऐकू येते. कोलकात्यात सियालदह येथे १९०८ मध्ये कारखाना सुरू झाला, तरी ही प्रथा लगेच थांबली नाही.

प्रतिसाद २ : ग्रामोफोन ही महागाची वस्तू असल्यामुळे तो विकणारा दुकानदारच तबकड्या आणि पोलादी सुयांच्या डब्या ठेवी. सुई झिजली की तबकडीची खोबण खराब होई, त्यामुळे सुया सतत लागत आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढे. पाकिटावरील नाव ही त्या दुकानाची जाहिरातच होती.

प्रतिसाद ३ : कॅसेटच्या काळात दुकानाचे काम पार बदलले. आमच्या गावच्या दुकानात कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली गाण्यांची यादी दिली की चार दिवसांनी कॅसेट भरून मिळे. ती कायद्याला धरून नव्हती, पण हव्या त्या क्रमाने गाणी मिळण्याचा आनंद मला तेथेच पहिल्यांदा लाभला. मुंबईत काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाऊस’ हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा मला घरचे माणूस गेल्यासारखे वाटले.

प्रश्नकर्ता : सर्वांचे मनःपूर्वक आभार. धूळ बरीच आहे. स्पिरिटने पुसू का?

प्रतिसाद २ : कृपया पुसू नका! या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटात विरघळते. मऊ, कोरड्या ब्रशने खोबणीच्या दिशेने धूळ काढा, तबकड्या उभ्या ठेवा आणि पाकिटे टाकून देऊ नका.