रानडुक्कर, रोही आणि परवान्याची बंदूक : शेतकरी कोण आणि शिकारी कोण?

संगमेश्वरकर (धागाकर्ता)

केरळ विधानसभेने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माणसांवर हल्ला करणारे वन्यप्राणी मारण्याची परवानगी लवकर मिळावी म्हणून वन्यजीव संरक्षण कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले, आणि तेव्हापासून आमच्यासारखे काही लोक महाराष्ट्रातही रानडुक्कर व रोही (नीलगाय) मारण्याचे नियम सुटसुटीत करा असे म्हणू लागले आहेत. त्यावर पुण्याच्या एका निसर्गप्रेमी गृहस्थांनी टिपण लिहून ही मागणी करणाऱ्यांना 'शेतकऱ्याच्या वेषातले शिकारी' असे संबोधले. दोन दिवस गप्प राहिलो, परंतु काल रात्री कापणीला आलेल्या भातात डुकरांचा कळप लोळून गेल्यावर गप्प राहणे जमेना.

आमच्या घरी ठासणीची बंदूक तीन पिढ्यांपासून आहे आणि तिचा परवाना शेती संरक्षणासाठी आहे. आजोबांच्या काळी खालच्या मळ्यात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, आणि हिवाळ्यात कुळीथ होत असे. आज नाचणी बंद, वरी बंद आणि भुईमूग तर वीस वर्षांपूर्वीच सोडला. उरले फक्त भात, तेही गडगा रचून आणि माळ्यावर रात्ररात्र जागून. जुलै २०१५ च्या शासन निर्णयानुसार पिकाची नासधूस करणारे डुक्कर मारण्याची परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडून मिळू शकते, हे मला ठाऊक आहे, कारण मी ती दोनदा मागितली आहे. पहिल्या वेळी ती हातात पडली तेव्हा भात कापून, झोडून कणगीत गेले होते. दुसऱ्या वेळी वेळेवर मिळाली, डुक्करही पडले, आणि नंतर त्या मेलेल्या डुकराचा पंचनामा होईपर्यंत मी दीड दिवस त्याच्या राखणीला बसलो, कारण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे ते सरकारी मालमत्ता झाले होते. जिवंत असताना माझे भात खाणारे डुक्कर कोणाचेच नसते आणि मेल्याबरोबर ते सरकारचे होते, यातला न्याय मला कोणीतरी समजावून सांगावा.

टिपणकार

आपण माझे वाक्य उलटे वाचले आहे. शेतकऱ्यांना मी शिकारी म्हटलेले नाही. शिकाऱ्यांना शेतकरी म्हणू नये, इतकेच माझे म्हणणे होते. आपल्यासारखा मनुष्य दीड दिवस पंचनाम्याची वाट पाहतो, परंतु जीपवर शोधदिवे लावून रात्री घाटात फिरणारी मंडळी तशी वाट पाहत नाहीत, आणि नियम सैल झाले की पहिला लाभ त्यांना होतो.

शिवाय रानडुक्कर हे वाघाचे आणि बिबट्याचे भक्ष्य आहे. ते कमी झाले की बिबट्या गोठ्याकडे वळतो, आणि मग त्यालाही मारण्याची परवानगी मागितली जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर वर्षभरासाठी उपद्रवी (म्हणजे मारायला परवानगी लागत नाही असे) ठरवले, त्यानंतर जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या बंदूकधाऱ्यांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले, आणि त्यावरून मेनका गांधी व तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात उघड खडाजंगी झाली. तो प्रश्न तेवढ्याने मिटला का? महाराष्ट्रात त्याचीच पुनरावृत्ती करायची आहे का?

वाशीमकर

महोदय, आपण मोकाम्याचे सांगता, मी माझ्या धुऱ्याचे सांगतो. हरभऱ्याला घाटे धरले की रोह्यांचा कळप उतरतो. पंधरा-वीस जनावरे असतात, आणि ती खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारे झटका मशीन लावले, तर पाठीमागच्या जनावरांच्या रेट्याने पुढचे तारेवर पडते आणि तार तुटून सगळे आत येतात. गेल्या पाच वर्षांत मी तुरीचे क्षेत्र निम्म्यावर आणले आहे. माझ्या मुलाचे लग्न ठरण्याच्या बैठकीत मुलीच्या वडिलांनी विचारले होते की जागलीला कोण जातो. मुलगा जातो म्हटल्यावर ते स्थळ पुढे सरकले नाही. हे नुकसान कोणत्या पंचनाम्यात लिहावे?

दुसरे म्हणजे, नावाने घात केला आहे. 'नीलगाय' हा शब्द उच्चारला की निम्मे लोक हात जोडतात. तो प्राणी गाय नाही आणि खरे तर हरीणही नाही. ज्यांची शिंगे दरवर्षी गळतात ते सारंग आणि ज्यांची कायम राहतात ते कुरंग, आणि रोही हा कुरंग आहे. आमच्याकडे त्याला रोहीच म्हणतात. सरकारी कागदावरही तेच लिहावे.

निवृत्त वनपाल

तीस वर्षे खात्यात काढली असल्यामुळे दोन्ही बाजूंना अप्रिय असे काही सांगतो.

परवानगीचा कागद देणे अवघड नाही. कलम ११ मध्ये उभ्या पिकाच्या रक्षणाची तरतूद पहिल्यापासून आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतरही ती टिकून आहे. अडते ते पुढे. मारणार कोण? बहुसंख्य शेतकऱ्यांकडे बंदूक नाही, खात्याकडे त्यासाठी माणसे नाहीत, आणि ज्याच्याकडे बंदूक आहे त्याचा नेम वीस वर्षांत कोणी तपासलेला नाही. केरळने मे २०२२ मध्ये रानडुकरांपुरते पंचायतींच्या प्रमुखांना अधिकार दिले, त्यांनासुद्धा परवानाधारक बंदूकवाले शोधून त्यांची यादी करावी लागली. आपल्याकडे अशी यादी करायची म्हटली तर पहिला अर्ज नेमक्या त्या जीपवाल्यांचा येईल, एवढे टिपणकारांचे म्हणणे मला मान्य आहे.

परंतु कायदेशीर बंदुकीची इतकी भीती बाळगणाऱ्यांनी फासकी पाहिलेली नाही. परवानगी मिळत नाही तेव्हा शेतकरी हात जोडून बसत नाही. तो गाडीच्या क्लच वायरची फासकी लावतो, नाहीतर कुंपणात थेट खांबावरचा प्रवाह सोडतो. फासकीला डुक्कर आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही. कमरेत तार रुतलेली एक मादी बिबट्या मी पहाटेपासून दुपारपर्यंत पाहत उभा होतो. भूल देणारे पथक आले तेव्हा तिची धडपड थांबली होती. विदर्भात प्रवाहाच्या तारेने वाघ मेले आहेत आणि स्वतःच्याच तारेला चिकटून शेतकरीही मेले आहेत.

आणि बंदूकवाल्यांनीही छाती फुगवू नये. हाक्याच्या (आरडाओरडा करून जनावर बंदुकीपुढे हाकण्याच्या) शिकारीत झुडूप हलले म्हणून बार काढणारे आणि पलीकडून आपलाच चुलतभाऊ उचलून आणणारे लोक मी पाहिले आहेत.

संगमेश्वरकर

वनपाल साहेबांचा शेवटचा परिच्छेद झोंबला, तरी खोटा नाही. आमच्या शेजारच्या वाडीत तसे घडले आहे.

मात्र बंदुकीचा विषय निघालाच आहे तर मुख्य दुखणे सांगतो, कारण कायदा केरळसारखा केला किंवा स्वर्गातून आणला तरी आमची बंदूक ऐन वेळी पोलीस ठाण्यातच असते. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, तेव्हा बंदूक जमा केली, आणि जून उजाडल्यावर ती परत मिळाली. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. कोकणात १५ ऑक्टोबरला काय असते हे ज्याला ठाऊक नाही त्याने या धाग्यावर लिहू नये. भात पिवळे झालेले असते, डुकरांना ते आमच्याआधी कळते, आणि आमची बंदूक मात्र कपाटात चिठ्ठी बांधून पडलेली असते. परत घेतली तेव्हा नळीच्या तोंडाला गंज धरलेला होता. आजोबांनी तिला खोबरेल तेल लावून सत्तर वर्षे सांभाळली होती.

निवृत्त पोलीस कर्मचारी

सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करावीत असा नियम नाही. जिल्हास्तरीय छाननी समिती प्रत्येक परवान्याचा विचार करते आणि गरज असलेल्याला सूट देता येते. आपण अर्ज केला होता का?

संगमेश्वरकर

केला होता. त्यावर 'विचाराधीन' असा शेरा मिळाला आणि तो विचार मतमोजणीनंतर पूर्ण झाला. आपल्याला नियम पाठ आहे, मला त्याचा अनुभव पाठ आहे.

निवृत्त पोलीस कर्मचारी

अनुभव मलाही आहे. निवडणुकीच्या आदल्या रात्री दोन भावकींत बार निघाला तर चौकशी आपली होत नाही, आमची होते. 'शेती संरक्षण' असे लिहिलेल्या परवान्याच्या बंदुका लग्नाच्या वरातीत आणि विजयाच्या मिरवणुकीत किती वेळा आकाशाचे संरक्षण करताना दिसतात, तेही लिहावे.

लांजेकर

ठासणीची बंदूक एकदा वाजली की पुन्हा भरायला दारू, चिंध्या, गज आणि निवांतपणा लागतो. तिने भावकीचे युद्ध करणारा अजून जन्मायचा आहे. वास्तविक ज्यांच्याकडे गावठी कट्टे आहेत ते जमा करायला येत नाहीत आणि ज्यांचा परवाना आहे त्यांनाच रांगेत उभे केले जाते. माझ्या वडिलांचा परवाना त्यांच्या मृत्यूनंतर माझ्या नावावर व्हायला चार वर्षे गेली, तोवर डुकरांनी वाट पाहिली नाही. आणि डुकरांवरच बोलताय, माकडांचे काय? आंब्याला मोहोर आला की…

टिपणकार

माकडांसाठी कृपया स्वतंत्र धागा काढावा. गेले पाच प्रतिसाद बंदुकीच्या गंजावर चालले आहेत. मूळ प्रश्न असा होता की मारण्याची परवानगी कोणी, कोणाला आणि कोणत्या पाहणीच्या आधारावर द्यायची.

पेन्सिल्व्हेनियाकर

बाहेरचा माणूस म्हणून दोन शब्द. मी पंधरा वर्षे इथे, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात आहे आणि शेजाऱ्याच्या नादाने हरणांच्या शिकारीचा परवाना काढतो. या राज्यात १८७३ पासून रविवारी शिकार जवळजवळ बंद होती. २०१९ मध्ये तीन रविवार मोकळे केले, त्याच वर्षी बंदुकीच्या हंगामाचा पहिला दिवस थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरमधल्या गुरुवारच्या मेजवानीच्या सणानंतरच्या) सोमवारऐवजी शनिवार केला, आणि जुलै २०२५ मध्ये रविवारची उरलेली बंदीही उठवली. आपल्याला वाटेल की शिकारी नाचले असतील. निम्मे नाचले आणि निम्मे आजही रागावलेले आहेत. त्या सोमवारी शाळांना सुट्टी असायची, रविवारी सारे कुटुंब डोंगरातल्या झोपडीत जमायचे, आणि शनिवार आल्यामुळे जेवणाच्या पानावरून उठून पळावे लागते, अशी तक्रार माझा शेजारी अजून करतो. शेतकरी वेगळेच म्हणत होते, की निदान एक दिवस तरी आमच्या बांधावर अनोळखी बंदूकवाले नकोत. म्हणून २०१९ च्या कायद्यात रविवारी खासगी जमिनीवर शिकार करायची तर मालकाची लेखी परवानगी आवश्यक केली होती.

मुद्दा इतकाच की इथे खात्याच्या खर्चाचा एक भाग परवान्याच्या शुल्कातून येतो, कोणत्या भागात किती माद्या मारायच्या ते आधी ठरते, मारलेल्या प्रत्येक जनावराला चिठ्ठी लागते आणि त्याची नोंद करावी लागते. मांस घरी नेता येते, विकता येत नाही.

वाशीमकर

आपल्या शेजाऱ्याच्या जेवणाच्या पानाबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. आमच्याकडे पानात वाढायची तूरच रोही खातो, त्यामुळे उठून पळण्याचा प्रश्न येत नाही.

एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे, ती मोजणीची. आमच्या तालुक्यात रोही किती, हे कोणी मोजलेले मी पाहिलेले नाही. मोजले तर कदाचित माझाच मुद्दा पडेल, पडू दे.

टिपणकार

हे वाक्य मी जपून ठेवतो. माझ्या बाजूने मीही एक कबूल करतो, आणि ते वनपालांच्या मादी बिबट्यामुळे करतो, बंदुकीच्या खोबरेल तेलामुळे नव्हे. परवानगी वेळेत मिळत नसेल तर तिची जागा फासकी घेते, याचा विचार मी टिपणात केला नव्हता. 'शेतकऱ्याच्या वेषातले शिकारी' हे शब्द मी मागे घेतो, परंतु ते जीपवाल्यांसाठी राखून ठेवतो. उपद्रवी ठरवून सरसकट मुभा देण्याला माझा विरोध कायम आहे.

संगमेश्वरकर

आपण शब्द मागे घेतलेत, आभारी आहे. सरसकट मुभा मीही मागितलेली नव्हती, ते आपण माझ्या पहिल्या प्रतिसादात पुन्हा वाचावे. अर्ज केल्यावर भात उभे असतानाच उत्तर मिळावे, त्या काळात बंदूक घरी असावी आणि मेलेल्या डुकराची राखण सरकारने करावी, एवढेच.

वाशीमकर

टिपणकार, हरभऱ्याच्या हंगामात आमच्याकडे या. कॅमेरा आणलात तरी चालेल. रात्री दोननंतर कळप उतरतो, धुऱ्यावर थंडी बरीच असते आणि माळ्यावर जागा दोघांचीच आहे, तेव्हा कानटोपी आणि घोंगडी आपली आपण आणावी.