प्रेसवाला म्हणतो युनिकोड चालत नाही, परत टाइप करा. २०२६ मध्येसुद्धा?

पेठेतला_पाहुणा
सोसायटीची स्मरणिका करतोय, ८४ पानं मजकूर फोनवर आणि लॅपटॉपवर युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक) टाइप करून अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रेसमध्ये नेला तर तो म्हणे हे आमच्या फॉन्टमध्ये येत नाही, ऑपरेटरकडून परत टाइप करून घ्यावं लागेल, पानाचे वेगळे पैसे. अहो सरकारने मराठीचं स्टँडर्ड ठरवलं नव्हतं का कधी?

जुना_डीटीपीवाला
ठरवलं होतं की. इस्की, म्हणजे संगणकावर भारतीय अक्षरांना क्रमांक देणारं सरकारी मानक, आयएस १३१९४, साल १९९१. पण ते कागदावर, आणि आम्ही पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर. त्यात देवनागरी चालवायची तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवायची हाच धंदा, कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी डी दाबला की क उमटायचा, 'कि' लिहायचं तर वेलांटी आधी आणि क नंतर. कंपनी बदलली की सगळी मांडणी वेगळी, त्यामुळे एका प्रेसची फाइल दुसरीकडे उघडली की नुसता काला. गिऱ्हाईक बांधून राहायचं हो, कोण सोडेल!

कोथरूडकर_७
म्हणूनच कायदा पाहिजे. युरोपने फोनच्या चार्जिंगला टाइप-सी पोर्ट सक्तीचा केला, २८ डिसेंबर २०२४ पासून लागू, आणि आयफोनने त्याआधीच २०२३ मध्ये मुकाट्याने पोर्ट बदललं.

जुना_डीटीपीवाला
पण टाइप-सी काही युरोपच्या साहेबांनी बनवला नाही, कंपन्यांनीच मिळून २०१४ मध्ये आणला, बाजारात रुळला आणि मग वर शिक्का बसला. इस्कीचं उलटं झालं, शिक्का आधी, बाजार आलाच नाही. तरी फुकट गेलं म्हणणार नाही मी, युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या मसुद्यावर बेतलीय, क ख ग घ तीच रांग. विंडोज २००० मध्ये ती आली, मग फोन आले, आणि आम्ही आपले जुन्या फायली सांभाळत बसलो.

पेठेतला_पाहुणा
मग आता काय करू, टाइप करून घेऊ?

जुना_डीटीपीवाला
अजिबात नको. कन्व्हर्टर मिळतात, युनिकोडमधून त्याच्या फॉन्टमध्ये. फक्त रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा, 'वर्ष' आणि 'सूर्य' हमखास बिघडतात. नाहीतर इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरवर काम करणारा गाठा, सेटिंगमध्ये कंपोजर, म्हणजे अक्षरं-ओळी जुळवणारा भाग, बदलला की त्यात युनिकोड नीट बसतं.

पेठेतला_पाहुणा
कन्व्हर्ट करून पाहिलं. अध्यक्षांच्या मनोगतात 'कार्य'चा रफार उडून 'काय' झालंय, "गेल्या वर्षीचे काय सर्वांना माहीत आहेच". ठेवू का तसंच? 😄