मदत हवी आहे: वॉरफरिन (रक्तात गुठळी होऊ नये म्हणून द्यायची गोळी) चालू असताना हिवाळ्यातल्या पालेभाज्यांचं काय करता?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे. सासूबाईंच्या हृदयात धातूची झडप बसवली आहे, त्यामुळे वॉरफरिन कायमचं. डॉक्टरांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलं आहे. उन्हाळाभर ठीक होतं. थंडी पडली, बाजारात मेथी, पालक, बथुआचे ढीग लागले आणि आकडा १.८ वर आला.

मला समजलं ते असं: जखम झाली की आधी प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून छिद्र बुजवतात, मग फायब्रिनचे धागे त्यावर जाळं विणून गुठळी पक्की करतात. त्यासाठी लागणारे, रक्त गोठवणारे घटक क्रमांक २, ७, ९ आणि १० यकृतात बनतात, पण के जीवनसत्त्वाशिवाय ते कामाचे होत नाहीत. वॉरफरिन नेमकं तिथेच अडवतं. पालेभाजीत के भरपूर, म्हणून औषधाचा जोर कमी पडतो.

डॉक्टर म्हणतात, भाजी बंद करू नका, रोज साधारण सारखी खा. म्हणायला सोपं! सासूबाईंना एक दिवस मेथीचे पराठे हवेत, दुसऱ्या दिवशी नुसती खिचडी.

ज्यांच्या घरी हे औषध आहे, ते मोजता कसं? शिजवलेली वाटी की कच्ची जुडी? शिवाय त्यांची एक दाढ काढायची आहे. गोळीचं काय करायचं ते डॉक्टरच ठरवतील, तो सल्ला नको. पण दाढ काढल्यावर बोळा किती वेळ दाबून धरावा लागला, आणि रात्री पुन्हा रक्त आलं का, एवढं कुणी सांगेल का?