३१६ स्टेनलेस लावलं म्हणजे तडे थांबले असं नाही

स्टेनलेस स्टीलला तडे जात असतील तर "३०४ ऐवजी ३१६ ही जात वापरा, प्रश्न मिटला" असं म्हणतात, त्यात भर घालतो. ३१६ मधल्या मॉलिब्डेनम या धातूमुळे त्यावर गंजाचे खड्डे उशिरा पडतात हे खरं, पण क्लोराइड (मिठासारखे क्षार), ताण आणि साधारण ६० अंशांच्या वरचं तापमान एकत्र आलं की तेही तडकतं. ताण म्हणजे फक्त आतला दाब नव्हे; वेल्डिंगनंतर धातूत अडकून राहिलेला ताणही पुरतो. इन्सुलेशनखालच्या गरम पाइपवर हे फार दिसतं. पाणी झिरपतं, वाफ होऊन जातं, क्लोराइड मागे साचत राहतं. पृष्ठभाग ठीकठाक वाटतो, पण डाय पेनिट्रंट (तड्यांत शिरून ते दाखवणारा लाल रंग) मारला की वेल्डच्या कडेला फांद्यांसारख्या लाल रेघा उमटतात. जाडी मोजून भरवसा ठेवू नका, धातू झिजलेलाच नसतो.

गरम जागी मी २२०५ डुप्लेक्सच (अशा तड्यांना जास्त दाद न देणारं स्टेनलेस) सुचवेन. नाहीतर इन्सुलेशन चढवण्याआधी पाइपला योग्य कोटिंग द्या, वेल्डवर शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून घेणं) करून घ्या.

आणि ६० अंशांची रेघ पक्की समजू नका. १९८५ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टरला जलतरण तलावाचं छत कोसळून १२ माणसं गेली. छत तोलणारे स्टेनलेसचे गज असेच तडकले होते, तेही तलावावरच्या साध्या तापमानाच्या हवेत.