सफरचंद कापायचा स्लायसर आणि छोटी सुरी बोथट झालीये, धार कशी लावायची?

गोल स्लायसर आहे, वरून दाबला की फोडी पडतात तो, पण आता फळ कापण्याऐवजी चेपतंच जास्त, आणि फळं सोलायची छोटी सुरी पण तशीच. घरी धार लावता येते का?

उत्तर १:
सुरीला नक्की येते. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचं माप) धार लावायचा दगड भिजवून घ्या, पातं दगडाशी साधारण १५ ते २० अंशात धरा आणि दोन्ही बाजूंनी सारखं घासा, कोन बदलू देऊ नका, तेच सगळ्यात महत्त्वाचं. दातेरी सुरी असेल तर मात्र सपाट दगडावर नको, दाते जातात.

उत्तर २:
स्लायसरची पाती फ्रेममध्ये घट्ट बसवलेली असतात, दगड आत नीट पोचतच नाही, त्यामुळे मी तरी नवीनच घ्या म्हणेन. जोर लावून दाबू नका हं, हात सटकतो.

उत्तर ३:
धार टिकवायची तर फळ कापून झालं की लगेच धुवून कोरडं करा, आंबट रसाने स्टीलवर डाग पडतात, साधं कार्बन स्टील तर गंजतंच. डिशवॉशर टाळा. आणि काचेच्या बोर्डवर कापू नका प्लीज, लाकडी वापरा!